एक काडतूस कमी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यातला शेवटचा बार मेल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काढला, आणि तशी पोलिसांच्या कागदावर नोंद आहे. नोंदीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ती खरं तर आरोपी म्हणून असायची, पण शेख जमादारांच्या भलेपणामुळं तेवढं टळलं.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला मामी. अर्धापूरजवळ मामांची पाच एकर केळी, आणि केळीला डुकरांचा जाच. रानडुक्कर घडाकडं बघतसुद्धा नाही. ते बुंधा उकरतं, कंद खातं, झाड आडवं करतं आणि शेजारच्या झाडाकडं वळतं. म्हणून मामांकडं पीक संरक्षणाच्या लायसनवरची एकनळी बंदूक होती. तिनं कधी काही मेलं नाही. "डुक्कर मारायचं तर फॉरेस्टचा कागद लागतो," मामा सांगायचे. "मला फकस्त भ्या दाखवायचंय." लायसनचं पुस्तक ते सातबाऱ्यापेक्षा जपून ठेवायचे. काडतूस विकत घेतलं की त्यात नोंद, उडवलं की रिकामी पुंगळी डब्यात. निवडणूक लागली की पोलिसांचा निरोप यायच्या आत मामा बंदूक ठाण्यात जमा करून पावती घेऊन घरी.

माझ्या लग्नात वरातीतली पोरं त्यांच्या मागं लागली होती. "मामा, एक बार होऊन जाऊ द्या हवेत."

मामा शांतपणे म्हणाले, "लायसन पिकाच्या रक्षणासाठी हाय. जावई पिकात येत न्हाई."

(त्या वाक्याचा दुसरा अर्थ मला लग्नानंतर चार वर्षांनी कळला.)

मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पोरं डॉक्टर होऊन जातात, मी सर होऊन राहतो. हा धंदा वाईट नाही, पण त्यानं एक खोड लागते: कुठंही चार माणसं गप्प उभी दिसली की ती आपल्याकडून काहीतरी शिकायला थांबलीत असं वाटतं. पुढचं सगळं या खोडीमुळं झालं.

मामा गेले ते एका संध्याकाळी, खाटेवर बसल्याबसल्या, चहाची बशी हातात धरून. बशी सांडली नाही. मामींनी ती त्यांच्या हातातून सोडवून घेतली तेव्हा चहा अजून कोमट होता. आम्ही लातूरहून पोचलो, आणि सकाळी आंघोळ घालून मामांना नवं पांढरं कापड गुंडाळायची तयारी चालली होती, तेव्हा खुंटीवर त्यांची जाड खादीची बंडी मला दिसली. बारा महिने अंगात असायची. रिकामी होती तरी खांद्यांचा आकार धरून होती, आणि दारातून वारं आलं की श्वास घेतल्यासारखी फुगायची. रडू आलं की मी भाषण करतो.

"मामांना त्यांची बंडी घाला," मी म्हणालो. "माणूस ज्या कपड्यात जगला त्याच कपड्यात गेला पाहिजे."

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "मयताला नवं कापड असतंय, पाव्हणं."

"रूढी माणसासाठी असते, माणूस रूढीसाठी नसतो."

जावयाला उत्तर द्यायचं नसतं, हीसुद्धा रूढीच.

मी स्वतः त्यांना बंडी घातली. मामांचे हात ताठले होते. उजवा हात बाहीत जाईना, आणि एकदा तर तो हळूच परत छातीवर, डाव्या बरगडीवर येऊन पडला, जणू काही झाकायचंय.

म्हाताऱ्यानं विचारलं, "खिसे बघितलं का?"

"बघितले." दोन्ही बघितले होते. तंबाखूची पुडी आणि चुन्याची पितळी डबी सापडली, ती मी पुन्हा खिशात ठेवली. वाटेत लागली तर असू द्यावी.

अग्नी शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं दिला. ती एकुलती एक. सरण पेटलं. धुरापलीकडं केळीचे मळे हलताना दिसत होते, आणि इकडं तर वारं पडलेलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, आणि चितेतून धाडकन आवाज झाला. असा, की लिंबावरचे कावळे एकदम उडाले, आणि मामांचा काळ्या नावाचा कुत्रा, जो डुकरांवर बार निघाला की पळत पुढं जायचा, तो भुंकत सरळ सरणाकडं धावला. दोघांनी त्याला धरून ठेवलं.

"सुटला," म्हातारा हात जोडून म्हणाला. "कवटी फुटली. पुण्यवान माणूस."

सगळ्यांनी हात जोडले. चार माणसं गप्प उभी होती. मी घसा साफ केला आणि कवटी हे एक बंद भांडं कसं असतं, आतल्या पाण्याची वाफ होऊन दाब कसा वाढतो, आणि आवाजाच्या तीव्रतेवरून त्या दाबाचा अंदाज कसा बांधता येतो, हे सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. शोभानं माझ्याकडं एकदा बघितलं. रडताना ती इतकं रोखून बघू शकते हे मला नवीन होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून आलो. अस्थी एका गाडग्यात भरल्या, त्यावर फडकं बांधलं, आणि अस्थी घरात आणत नाहीत म्हणून गाडगं मळ्याच्या बांधावरच्या लिंबाला टांगलं. दुसऱ्या दिवशी नांदेडला गोदावरीत सोडायचं ठरलं. घरी आल्यावर मी मोबाईलवर शस्त्राचे नियम वाचत बसलो (अर्धे वाचले, उरलेले मला माहीत असणार असं वाटलं).

"मामी, लायसनवाला गेला की त्याची बंदूक घरात ठेवता येत नाही. विनाविलंब जमा करायची. वारसाच्या नावावर करायची असेल तर नंतर वेगळा अर्ज."

"माझ्या नावावर करा," मामी लगेच म्हणाल्या. "डुकरं मला वळखीत न्हाईत, बंदुकीला वळखत्यात."

"तो पुढचा भाग. आधी जमा. मी आत्ता घेऊन जातो."

मी पेटी उघडून बंदूक काढली, जुन्या चादरीत गुंडाळली, आणि मोटरसायकलवर आडवी बांधायची की उभी, हे विचारायला ठाण्यात फोन लावला. पलीकडं शेख जमादार होते.

"बंदूक आत्ता कुठं हाय, सर?"

"माझ्या मांडीवर."

"लायसन कुणाच्या नावावर?"

"सासऱ्यांच्या."

"ते कुठं हायत?"

"वारले."

"मग सर, ह्या घडीला तुम्ही बिगरलायसनचे हत्यारबंद इसम हाय. खाली ठेवा. हळू ठेवा. नळी भिंतीकडं करा. मी येऊन राहिलो."

अर्ध्या तासात ते आले. साठीला टेकलेले, दंडाला ताईत, आवाज इतका मऊ की गुन्हा कबूल करावासा वाटेल. त्यांनी बंदूक तपासली, नंबर पुस्तकाशी जुळवला, मग डबा उघडला. लायसनवर दहा काडतुसांची खरेदी. डब्यात सहा रिकाम्या पुंगळ्या. म्हणजे जिवंत चार हवीत.

होती तीन.

मी परत मोजली. तीन. मग मी उलट्या बाजूनं मोजली.

"सर," जमादार म्हणाले, "तीन इकडून बी तीन असतेत, तिकडून बी तीनच असतेत."

पेटी उपसली, गाद्या झटकल्या, धान्याच्या कणग्यांत हात घातले. नाही. जमादारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "रिकामं असतं तर मी बोललो नसतो. हे जिवंत राउंड हाय. उद्या कुठं वाजलं, कुणाला लागलं, तर पयला सवाल हाच हुईल, की ताबा कुणाचा व्हता."

"कुणाचा व्हता?" मामींनी विचारलं.

जमादार जमिनीकडं बघत म्हणाले, "दादा गेल्यापासून तुमचा, अम्मा."

सत्तरीच्या बाई, कपाळ परवाच मोकळं झालेलं. त्यांनी दोन्ही मनगटं जवळ धरून एकदा बघितली. काचेच्या बांगड्यांचे व्रण अजून तिथं होते.

"आता हितं तुमच्या बेड्या घालनार का?"

"न्हाई न्हाई. पन साहेबांना लिहून द्यावं लागंल. पाचपर्यंत मी थांबतो. हुडकू. दादा जास्त कुठं बसायचे?"

"मळ्यात, खोपीत."

भर दुपारी आम्ही मळ्यात शिरलो: मी, मामी, जमादार आणि काळ्या. शोभा घरी पाहुण्यांपाशी थांबली. वाढलेल्या केळीत दुपारी बाराचं ऊन खाली पोचत नाही. आत हिरवा अंधार असतो, जमीन ओली, आणि हवा तळघरासारखी गार. वारं नसतं तरी एखादंच पान एकदम हलतं, बाकी सगळी थिजलेली. पाठीमागं कुणीतरी फडकं फाडतंय असा आवाज येतो; वळून बघावं तर वाळलेलं पान. खोपीत मामांची खाट होती. खाटेच्या सुतळीला मध्ये बसल्याचा खळगा तसाच होता. काळ्या त्या खाटेवर चढला नाही. तिच्यापुढं बसून, जिथं माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर बघत शेपटी हलवायला लागला.

"ह्याला काय दिसून राहिलं, सर?" जमादारांनी हळू विचारलं.

"कुत्र्यांना सवय असते," मी म्हणालो. माझा आवाज क्लासच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला नसता.

खाटेखाली वाकलो, तेवढ्यात केळीतून मामा ओरडले.

"एऽऽ, कोन हाय रे तिकडं? हाल तिथनं! बार काढीन हां. बंदूक हाय माझ्याजवळ!"

जमादारांचा हात दंडाच्या ताईतावर गेला. "सर, दादा वारले म्हणालात."

"वारले."

"नक्की?"

"मी स्वतः कपडे घातले त्यांना."

"मयताचा दाखला मिळाला?"

"अर्ज केलाय."

"म्हंजी कागदावर अजून हायत," जमादार पुटपुटले, आणि लगेच दुसरी हाक आली, आधीपेक्षा जवळून, "गोळी डोळे बघून सुटत न्हाई, सांगून ठेवतो!" आणि आम्ही दोघं पळालो. कायदा डावीकडं, विज्ञान उजवीकडं. एक ओलं, गार पान मानेवर मागून हात ठेवल्यासारखं बसलं. मी ठिबकच्या नळीत पाय अडकून चिखलात तोंडावर आपटलो आणि "मामा, मी जावई, मी जावई," असं म्हणालो. (ही ओळख ऐकून त्यांनी नेम बदलला असता असं नाही.) जमादारांचा एक बूट मागं राहिला.

मामी जागच्या हलल्या नव्हत्या. खोपीमागच्या बांबूखाली, वर बघत उभ्या होत्या. बांबूवर भोंगा होता.

आता कबुली देतो. तो भोंगा मीच लावला होता. डुकरांसाठी दिवाळीत मी मामांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला, मध्ये वीस-वीस मिनिटांची शांतता टाकली, आणि कार्ड भोंग्यात घालून दिलं. पण बॅटरी संपून तो महिन्यापासून बंद आहे, असं मामा फोनवर म्हणाले होते. बंद भोंगा कुणाच्या लक्षात राहतो?

"काल चार्ज करून मीच लावली," मामी म्हणाल्या. "डुकरं काय सुतक पाळत्यात व्हय?"

पदर डोळ्याला लावून त्या परत वर बघायला लागल्या. आम्ही दोघं चिखलानिशी त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिलो. हाका संपल्या होत्या, भोंगा नुसता खरखरत होता. इथवर कुणीच कधी थांबत नसे, डुकरंसुद्धा. त्यामुळं पुढचं आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. खरखरीतून मामा हळू, धाप लागलेल्या आवाजात, अगदी कानाशी बोलल्यासारखे म्हणाले,

"झालं का हो, जावईबापू? किती वरडायचं. हे चोरखिशातलं काडतूस बरगडीला टोचून राहिलंय."

मग माझा आवाज आला, उत्साही आणि मूर्ख. "झालं मामा, मस्त झालं. हे शेवटचं मी कापून टाकतो."

आणि भोंगा वीस मिनिटांसाठी गप्प झाला.

माझ्या अंगावर काटा आला तो भुताचा नव्हता. बाहीत न जाणारा तो ताठ उजवा हात मला दिसत होता, डाव्या बरगडीवर येऊन पडलेला.

"चोरखिसा कशाला?" जमादारांनी विचारलं.

"बंडीला," मामी म्हणाल्या. "आतून. मीच शिवलाय."

"बंडी कुठं हाय?"

मामी माझ्याकडं बघायला लागल्या. जमादारही बघायला लागले. काळ्याला काही कळत नव्हतं, पण सगळे बघतात म्हणून तोही बघायला लागला.

"मामांच्या अंगावर," मी म्हणालो.

जमादारांनी डोळे मिटले. "तरीच," ते म्हणाले. "परवा सकाळी रोडच्या बंदोबस्ताला व्हतो मी. बार ऐकला. म्हटलं केळीत असंल."

"ती कवटी..." मी सुरुवात केली आणि थांबलो. दाब, वाफ, बंद भांडं. चाळीस माणसांना समजावून सांगितलं होतं.

आता प्रश्न पुराव्याचा होता. जावयाच्या तोंडी हकिगतीवर काडतूस वजा करता येत नाही. "पितळी बूड कुठंतरी राहिलं असंल," जमादार म्हणाले, "राख कुठं हाय?" तेव्हा मला आठवलं. सावडताना राखेच्या कडेला एक काळी पडलेली गोल पितळी चकती मिळाली होती. चुन्याच्या डबीचं झाकण समजून, डोळे पुसत, मीच ती अस्थींबरोबर गाडग्यात टाकली होती.

लिंबाखाली आम्ही तिघं उभे राहिलो. वारं नव्हतं, आणि गाडगं मात्र दोरीवर स्वतःभोवती सावकाश फिरत होतं, एकदा इकडं, एकदा तिकडं, नाही नाही म्हणाल्यासारखं. जमादारांनी टोपी आणि उरलेला बूट दोन्ही काढले. "दादा, माफी असावी. नोकरीचा भाग हाय," ते गाडग्याला म्हणाले. पण हात पुढं जाईना. माझा तर वरच जाईना.

मामींनी गाडगं उतरवलं, फडकं सोडलं आणि ज्या हातानं पन्नास वर्षं मामांची भाकरी फडक्यात बांधली त्या हातानं आत चाचपलं. आतून हाडांचा वाळक्या शेंगांसारखा आवाज आला. त्यांनी चकती काढून जमादारांच्या रुमालावर ठेवली.

"घ्या. आनि झालं की परत द्या, त्यांची हाय."

जमादारांनी चष्मा लावला, थुंकी न लावता नुसत्या रुमालानं चकती पुसली आणि उन्हात धरली. "बुडाच्या मधल्या टोपीवर बंदुकीच्या पिनचा ठोका न्हाई. बंदुकीतून उडालं असतं तर खड्डा असता. हे आगीनं उडालंय. अम्मा, तुम्ही सुटल्या."

मामी बांधावर मटकन खाली बसल्या. तीन दिवसांत त्या पहिल्यांदा रडल्या, आणि रडता रडता हसायलाही लागल्या. "म्हनलं न्हवतं का," त्या गाडग्याला म्हणाल्या, "खिशात ठिवू नगा म्हनून?"

जबाब खोपीतल्या खाटेवर कागद ठेवून लिहिला गेला. जमादार जमिनीवर बसले. खाटेवर बसायची कुणाची तयारी नव्हती. "काडतूस कुणी वापरलं?" ते स्वतःशीच म्हणाले, थोडा विचार केला, आणि लिहिलं: परवानाधारकाने, मयत झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी, सरणावर, अनवधानाने. खाली माझी सही घेतली. चकती सीलबंद पाकिटात गेली, म्हणून गोदावरीचा बेत लांबला. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला म्हणे, आणि मग दार लावून घेऊन बराच वेळ कुणाला आत येऊ दिलं नाही. चकती परत मिळाली, आणि मामांचं विसर्जन त्यांच्या सगळ्या सामानासकट झालं.

पुढं मामींनी रीतसर वारस म्हणून अर्ज केला. शोभानं हरकत नसल्याचं लिहून दिलं. घरचौकशीला शेख जमादारच आले, नवे बूट घालून. मी सुट्टीला आलेलो होतो. लेखी मदत लागली तर असावी म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. पेटीला कुलूप, किल्ली मामींच्या कमरेला, सगळं बघून झालं. शेवटचा प्रश्न त्यांनी कागदावर बघून वाचला.

"अम्मा, ज्याच्या हातात हत्यार किंवा दारूगोळा पडला तर धोका हुईल असा कुणी इसम घरात हाय का?"

मामी जावयाचा मान राखणाऱ्या बाई आहेत. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"घरात न्हाईत," त्या म्हणाल्या. "लातूरला असत्यात."

जमादारांनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. नाव विचारलं नाही. त्यांना पाठ होतं.